निर्जीवांच्या रकान्यातलं भात

मी शाळेतला एक जुना तक्ता आहे. मित्रांनो, मला सरळ टांगा असंही आता मी कुणाला सांगत नाही, इतका थकलो आहे. माझ्या अंगावर दोन रकाने आहेत. सजीवांत गाय, पोपट, आंब्याचं झाड. निर्जीवांत दगड, खुर्ची, कंदील आणि भाताची रास. मला रंगवणाऱ्याला उरलेली जागा भरायची होती. त्याने रास काढली आणि तो जेवायला निघून गेला.

१९५८ साली मी डहाणूकडच्या झरीजवळ एका आदिवासी पाड्यावरच्या शाळेत आलो. तिथले दौलतगुरुजी डहाणूचे, चिकूच्या वाडीत वाढलेले. ते माझ्या एकेका चित्रावर छडी ठेवून 'सजीव की निर्जीव?' असं विचारत आणि मुलं एका सुरात ओरडत. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी फार फुशारलो होतो.

चौथीत ठकी होती. पास झाली तर ती कोसबाडला पुढे शिकायला जाणार होती. पाड्यावरून इतकं शिकणारी ती पहिलीच. एप्रिलात शाळा तपासणारे डेप्युटी साहेब तोंडी परीक्षा घ्यायला आले. त्यांनी राशीवर बोट ठेवलं.

"भात जितं हाय," ठकी म्हणाली.

"तक्त्यात बघ."

"बघलं. पण ती कणसरी हाय, सायब, आमची देवी. खळ्यावर आमी तिला पाय लावत नाय. मेलेलं असतं तं उगवलं असतं का?"

साहेबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती तेच बोलली. गुरुजींनी मान खाली घातली. "उद्धट आहे," म्हणत साहेबांनी तिला नापास केलं. मित्रांनो, चूक माझ्या अंगावर होती आणि मला तोंड नव्हतं.

जूनमध्ये ठकी शाळेत आली नाही. गुरुजींना चैन पडेना. आवणीच्या दिवसांत एका दुपारी त्यांनी मला गुंडाळून काखोटीला मारलं आणि चिखल तुडवत शेतावर नेलं. ठकी तिच्या आईबरोबर भाताची रोपं लावत होती. गुरुजींनी बांधावर मला उलगडलं. राशीच्या चित्रावर त्यांनी कोरा कागद चिकटवला होता.

"तुझं उत्तर बरोबर होतं, ठके. परत ये. मी पुन्हा परीक्षेला बसवतो."

ठकीने वर पाहिलं. "मला ठावं होतं, गुरजी. तुमाला तवाच ठावं होतं का?"

गुरुजी मला गुंडाळू लागले. ती पुन्हा वाकली.

माझे रंग आता उडालेत. मला जपा असा माझा हट्ट नाही. पण एखादं मूल वेगळं उत्तर देईल, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या, आणि ते त्याच दिवशी ऐका. ठकी पुन्हा शाळेत आली नाही.