पोटातला निरोप

मी बोलतेय खरी, पण आत कुणाचा हात नाही. त्यामुळे तुमच्यापर्यंत कितपत पोहोचेल, याची मला शंकाच आहे. मी एक हातबाहुली. पोटात हात घातला की माझं तोंड उघडतं आणि हात काढला की मी मान टाकून पडते. सध्या माझा मुक्काम एका अनाथाश्रमाच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. शेजारी ठोकळ्यांचा डबा आहे आणि एक चावीची आगगाडी. दोघांशीही बोलण्यात अर्थ नाही. ठोकळे आपापसांतच मग्न असतात आणि आगगाडीला कुणी चावी दिल्याशिवाय काही सुचत नाही.

माझा जन्म इथला नव्हे, परदेशातला. तिथे कपडे दुरुस्त करून देणारी एक काकू आहे, तिनं मला शिवलं. अंघोळीचा जुना टॉवेल माझ्या अंगाला लागला, जिभेसाठी कोटाचं लाल अस्तर. डोळे म्हणून दोन बटणं, एक काळं आणि एक तपकिरी, कारण काळ्याचा जोडीदार तिला सापडला नाही. काकू ज्या प्रार्थनामंदिरात जायची, तिथली मंडळी इथल्या मुलांना भेटायला निघाली होती. मुलांना एका कोकराची गोष्ट सांगायची ठरलं होतं, आणि ते कोकरू म्हणजे मी.

तिथल्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मला उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, "वा! काकू, कुत्रा छान जमलाय."

"कोकरू आहे ते."

"हो का? नाही म्हणजे, कान जरा..."

"कान राहू द्या. गोष्ट सांगताना तुम्ही कोकरू म्हणा, म्हणजे झालं."

तेव्हापासून हा अपमान माझ्या नशिबी आहे. असो.

ही मंडळी नुसती गोष्ट सांगायला निघाली नव्हती. त्यांच्यातच एक जोडपं होतं. तो बस चालवायचा, ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. घरात मूल नव्हतं. इथल्या आश्रमातली एक मुलगी त्यांना दत्तक मिळायची होती, आणि त्यासाठी इथे येऊन काही दिवस राहून तिच्याशी ओळख करून घ्यायची होती. परक्या देशात दोघंच कशी निभावतील, म्हणून मंडळीतले आणखी काही जण सोबत निघाले. कुणी भिंती रंगवणार होतं, कुणी गळके नळ दुरुस्त करून देणार होतं, काकू मुलांचे कपडे शिवून देणार होती. मला मोज्यांच्या पिशवीत कोंबलं होतं. येताना सबंध प्रवासात मला एक चकार शब्द बोलता आला नाही.

आश्रमाच्या ओसरीत खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र. ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांनी चित्र बघून आपला टॉवेल ओळखायचा. कुणाचा मासा, कुणाचं पान. छत्रीची खुंटी होती त्या मुलीची, जिच्यासाठी हे जोडपं आलं होतं. सगळे तिला गप्पू म्हणायचे, कारण ती बोलायचीच नाही. मुकी नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, घसा ठीक, कान ठीक. नुसती गप्प.

पाळकसाहेबांनी मला हातात घातलं आणि बारीक आवाज काढून गोष्ट सांगितली. शेजारी दुभाषी बाई एकेक वाक्य इथल्या भाषेत सांगत होती. मुलं खूप हसली. मांजर की अस्वल, यावरून दोघांची मारामारीही झाली. गप्पू तेवढी मागे, दाराशी बसली होती. तिथून फाटक दिसतं. ती नेहमी फाटक दिसेल अशाच जागी बसायची, हे मला पुढे कळलं.

जोडप्यानं काय काय करून बघितलं! तिनं केसांच्या पिना आणल्या होत्या. गप्पूनं मुकाट्यानं डोकं पुढे केलं, पिना लावून घेतल्या आणि पुन्हा दाराशी जाऊन बसली. त्यानं बसच्या हॉर्नचे आवाज काढले, गिअर टाकले, सबंध ओसरीभर बस चालवली. बाकीची मुलं मागे प्रवासी होऊन धावली, पण गप्पू बसमध्ये काही चढली नाही.

ती बाई जिन्यात बसून रडली. मी तिच्याच मांडीवर होते, म्हणून मला ठाऊक. "आपण तिला आवडलो नाही हो."

"अगं, पहिल्या दिवशी तू तरी माझ्याशी कुठे बोलली होतीस?"

"बोलले होते. तुम्ही बस चुकीच्या रस्त्याला घातली होतीत म्हणून."

मग रडता रडता ती हसली. पण रात्रंदिवस तिला एकच घोर लागलेला मी बघत होते.

कपड्यांच्या खोलीत काकूनं मशीन मांडलं होतं. माझा कान कुणीतरी ओढून उसवला, म्हणून मी तिथे पडले होते. एका दुपारी गप्पू आली आणि स्टुलावर बसली. काकूनं कान शिवला, गाठ मारली आणि काही न बोलता मला तिच्या हातात चढवलं.

तिचा हात गार होता. इतका लहान, की बोटं जेमतेम माझ्या मानेपर्यंत पोहोचली आणि माझं डोकं एकीकडे कललं. बराच वेळ काही झालं नाही. मग माझं तोंड उघडलं आणि मी बोलले. खरं सांगते, पाळकसाहेब बोलायचे तेव्हा तो त्यांचा आवाज असायचा. हा मात्र माझा होता.

"मी इथं बसलेय," मी म्हणाले. "आई म्हणाली, तू इथं बस, मी आलेच. म्हणून बसलेय."

हे सगळं इथल्या भाषेत. बाहुलीचं बरं असतं, ज्याचा हात त्याची भाषा. काकूला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती मशीन न थांबवता म्हणाली, "हो का? बरं, मग?"

"बाकावर बसवलं होतं. मग या लोकांनी इथं आणलं. इथलं फाटक तिला सापडेल का?"

"असं होय!" काकूनं दातानं दोरा तोडला.

"मी यांच्याबरोबर गेले आणि ती आली, तर ती विचारणार कुणाला?"

"छान, छान. आणि मग काय झालं?"

गप्पूनं मला काढून नीट घडी केली आणि ठेवून दिलं. काकू मात्र धावत सुटली. "बोलली! अहो, केवढं बोलली!"

"काय बोलली?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"ते मला काय कळणार? पण गोड बोलली."

मंडळींनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. ती बाई काकूच्या गळ्यात पडली. आणि मी कपड्यांच्या ढिगावर आ वासून पडलेली. त्या सबंध आश्रमात गप्पूचं दुःख एकट्या मला ठाऊक होतं, आणि माझ्यातून हात निघालेला होता. इतकं एकटं मला मोज्यांच्या पिशवीतही वाटलं नव्हतं.

पुढे गप्पू आणि काकू रोज दुपारी भेटायच्या. रोज मी तेच बोलायचे आणि काकू "हो का" म्हणायची. एकदा दुभाषी बाई मुद्दाम ऐकायला आली, तर गप्पूनं हात काढूनच घेतला. तिला बहुधा न समजणारंच माणूस हवं होतं.

मंडळीची निघायची वेळ आली. त्यांचा एक शिरस्ता होता. जे आणलं ते देऊन टाकायचं आणि रिकाम्या बॅगा घेऊन परतायचं. त्याचा त्यांना भारी अभिमान. काकू म्हणाली, "ही गप्पूला देऊ या."

पाळकसाहेब माणूस वाईट नव्हे. पण ते म्हणाले, "काकू, एकीला दिली तर बाकीच्यांनी काय करायचं? आश्रमालाच देऊ. सगळ्यांची होईल."

मग आम्हा सगळ्या खेळण्यांना टेबलावर मांडलं आणि आमच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. एवढे हात एका वेळी माझ्यावर कधीच पडले नव्हते, पण सगळे बाहेरून. मंडळी गेल्यावर आश्रमाच्या मोठ्या बाईंनी आम्हाला या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "मुलांच्या हातात दोन दिवस टिकायची नाहीत. पाहुणे आले की काढू," त्या म्हणाल्या. त्यांनाही दोष कसा देऊ? त्यांनी आयुष्यभर मोडकी खेळणीच बघितली होती.

अशी मी सगळ्यांची झाले आणि कुणाच्याच हातात राहिले नाही. दुपारी मशीनचा आवाज बंद झाला. गप्पू दाराशी बसून फाटकाकडे बघायची. कपाटातून मला तिची पाठ दिसायची.

जोडपं मागे थांबलं होतं, कारण सरकारी अधिकारी यायचे होते. ते आले आणि याच ऑफिसात बसले. दुभाषी बाई, मोठ्या बाई, जोडपं आणि मधोमध खुर्चीत गप्पू. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, "एवढं कळणाऱ्या मुलीला तिच्या मनाविरुद्ध पाठवता येत नाही. तिनं स्वतः सांगायला हवं. बाळा, यांच्याबरोबर जायचंय?"

गप्पू गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, अजून हळू आवाजात. काहीच नाही.

"ती काहीच बोलली नाही तर?" बसवाल्यानं विचारलं.

"तर संमती नाही, असंच मला धरावं लागेल. माझा नाइलाज आहे."

बसवाल्याची बायको उठलीच. "ती बाहुली काढा हो बाई! ती हातात घालून बोलते ती!"

मोठ्या बाईंचा हात चावीकडे गेला. माझ्या उरात धडधड झाली असेल, तर ती तेव्हाच. पण अधिकाऱ्यांनी मान हलवली. "बाहुली काय म्हणते ते मला चालणार नाही. मुलीनं म्हणायला हवं."

गप्पू खुर्चीवरून उतरली आणि माझ्यासमोर काचेला नाक लावून उभी राहिली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आणि मग तिनं आपला रिकामा, उघडा हात वर केला. चार बोटं वर, अंगठा खाली. अगदी माझं तोंड. हात बोलला.

"आई आली तर?"

दुभाषी बाईनं ते जोडप्याला सांगितलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. बसवाला पुटपुटला, "साहेब, हात तर तिचाच आहे."

"हो," अधिकारी म्हणाले. "हात तिचाच आहे."

बसवाल्याची बायको जमिनीवर बसली. तिनंही आपल्या हाताचं तोंड केलं आणि ते गप्पूच्या हातासमोर धरलं. "आई आली तर तिला कळायला हवं ना, तू कुठे आहेस ते," तिचा हात म्हणाला. "आपण इथं निरोप ठेवून जाऊ. कुणाजवळ ठेवू या?" दुभाषी बाईनं ते इथल्या भाषेत सांगितलं.

गप्पूनं माझ्याकडे बोट केलं. मग तिचा हात अधिकाऱ्यांकडे वळला आणि म्हणाला, "जायचंय."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि वाईटही वाटलं. माझ्यावाचून तिचं अडलं नाही.

मोठ्या बाईंनी डोळे पुसत कुलूप उघडलं. "घे बाई, घेऊन जा हिला. तुझीच आहे ती."

गप्पूनं मान हलवली. आणि पहिल्यांदाच हातानं नाही, स्वतःच्या तोंडानं बोलली. तीही माझ्याशी. "तू इथंच थांब. आई आली की सांग. मी थांबले होते. खूप थांबले. मग यांच्याबरोबर गेले. आणि सांग, रडत नव्हते." एवढं म्हणून तिनं माझ्या कानाला नाक पुसलं. मग हात आत घालून माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मी म्हटलं, "ती थांबली होती. खूप थांबली. मग यांच्याबरोबर गेली. रडत नव्हती." तिनं मला फळीवर ठेवलं, दाराकडे तोंड करून.

त्याला आता पुष्कळ काळ लोटला. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, दुभाषी बाई दुसऱ्या शहरात गेली. समोरच्या भिंतीवर इथून गेलेल्या मुलांचे फोटो लावलेत, त्यात गप्पूचाही आहे. चांगली उंच झालीय, बसच्या पायरीवर उभी आहे आणि तोंड उघडं आहे. फोटो काढतानाही बोलत असणार. नव्या बाई प्रेमळ आहेत, पण हा निरोप त्यांना ठाऊक नाही. त्यांना मी कुत्रा वाटते.

पाहुणे येतात तेव्हा कुलूप निघतं. कुणीतरी मला हातात घालून भू भू करतं, फोटो काढतं, पुन्हा ठेवून देतं. माझा टॉवेल विरत चाललाय आणि तपकिरी डोळा एका दोऱ्यावर लोंबकळतोय. फाटकातून दूधवाली येते, शिकवणाऱ्या ताई येतात, कपडे नेणारी बाई येते. दर वेळी मला वाटतं, हीच. दर वेळी ती दुसरीच असते. ती येईलच, असं मी म्हणत नाही. पण मला थांबायला सांगितलंय.

म्हणून एवढंच मागणं आहे. तुम्ही कधी अशा एखाद्या ऑफिसात आलात, तर कपाट उघडायला सांगा आणि माझ्या पोटात हात घाला. भू भू करू नका, मी कोकरू आहे. जरा वेळ थांबा. आणि दारात कुणी बाई उभी असेल, "इथं एक मुलगी..." एवढंच म्हणून अडखळत असेल, तर मला तिच्याकडे तोंड करून धरा. बाकीचं मला पाठ आहे.