फोन त्याच्या खिशात होता

बायको गेल्याचं मला बंदरावर कळलं, डबा जहाजापाशी सुखरूप पोचवल्यावर.

डबा म्हणजे अंतराळ स्थानकाचा एक भाग. त्याचं धड आमच्या कारखान्यात झालं, दार दुसऱ्या देशातून आलं, आणि रॉकेट तिसऱ्याच देशात उभं होतं. कारखाना ते बंदर एवढी वाट माझ्या ट्रेलरची. दारवाल्या देशाच्या तपासनीस बाईंनी डब्यावर धक्के मोजणारं यंत्र बसवलं होतं. एक मोठा धक्का नोंदला गेला की डबा परत, तपासणी पहिल्यापासून. म्हणून चालकाचा फोन ताफ्याच्या म्होरक्याकडे ठेवायचा, असा नियम. म्होरक्या झेंडा घेऊन ट्रेलरच्या पुढे पायी चालतो. आमचा म्होरक्या माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

सकाळी निघताना ती म्हणाली होती, "डबा नीट न्या. मला स्कूटरवरून नेता तसा नको."

गोदामाजवळच्या वळणावर मेहुण्याने फोन कानाला लावलेला मी काचेतून पाहिला. फोन माझा. तो जरा थांबला, मग त्याने झेंडा हलवला, चला. पुलावर फोन पुन्हा आला. या वेळी तो नुसता ऐकत राहिला. मी वॉकीटॉकीवर म्हटलं, "काय मेहुणे, ताईकडे माझी चुगली चाललीय का?"

"समोर बघा, दाजी."

बंदरावर बाईंनी यंत्र उघडलं. रेघ सपाट होती. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. दुभाषा म्हणाला, "असा चालक आमच्याकडेही हवा, म्हणतायत." मी हसलो. मग मेहुण्याने फोन माझ्या हातात ठेवला.

"दाजी, ताई गेली. हृदय बंद पडलं."

"तुला कधी कळलं?"

"पुलावर. तिथे थांबायला जागा नाही. सांगितलं असतं तर तुमचा पाय ब्रेकवर पडला असता. तीन देशांचं काम होतं."

"तुझी बहीण होती ती."

"म्हणूनच मी मागे वळून बघितलं नाही."

वळणावरच्या फोनबद्दल तो काही बोलला नाही. वळणावर थांबायला जागा होती. मागच्या गाडीत बदली चालक होता, आणि तिला नेलेला दवाखाना तिथून जवळच. दोन्ही फोन शेजारणीने केले होते. ती दिसली की मीच गल्ली बदलतो.

पुढे डबा वर जाऊन जोडला गेला. टीव्हीवर दाखवलं, वेगवेगळ्या देशांची माणसं दारातून आत गेली, एकमेकांच्या गळ्यात पडली. मी आवाज बंद केला.

काल मेहुणा आला. चहा त्यानेच केला. तिचा कप हातात घेतला आणि परत जागेवर ठेवला.

"दुसरा डबा तयार झालाय, दाजी. बाई म्हणतात, चालक तोच हवा."

"आणि पुढे कोण चालणार?"

"मीच. तुम्हाला चालत असेल तर."

 चहा संपवून तो चपला घालून निघून गेला.

पहिला फोन आला तेव्हा ती जिवंत होती का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.