मुक्कामी गाडीचा उजेड

"लाइट आला वं! उठा, उठा!"

शाळेजवळच्या वळणावर मुक्कामी एस्टीचे दिवे दिसले आणि रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाया पटापट उभ्या राहिल्या. लुगडी सारखी करत, तोंडं तुरीकडे फिरवून. इंझोरीत रोज पहाटे असंच. गाडी रात्रभर गावात मुक्काम करते, पहाटे कारंज्याकडे निघते, आणि ती निघाली की अर्ध्या गावच्या बायका तिला उभ्यानं मानवंदना देतात. गाडी गेली की पुन्हा खाली बसायचं. पोटाचं काम अर्धवट राहिलं तरी चालेल, अब्रूचं पुरं झालं पाहिजे.

त्याच वेळी, पुलाच्या पलीकडे, एक बाई मात्र चटकन खाली बसली.

ती पंचफुला. शाळेचा शिपाई इंद्रभान, त्याची बायको. तिशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, दोन मुलींची आई. हातात डालड्याच्या डब्याचं टमरेल, तेही अर्धंच भरलेलं. पुरतं भरलं तर सांडतं, रिकामं नेलं तर सासूच्या ध्यानात येतं.

ती बसली, कारण त्याआधी ती पळत होती. आमच्याकडे बाई पळताना दिसली की लोक विचारतात, कोण मेलं? नाहीतर, बैल सुटला का? टमरेल घेऊन बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. सभ्य माणूस मान फिरवतो, असभ्यही थोडी फिरवतोच.

गाडी गेली. तिचा तांबडा दिवा दिसेनासा झाला तशी पंचफुला उठली, कासोटा आवळला आणि पुन्हा पळू लागली.

याची सुरुवात अशी काही ठरवून झाली नव्हती. आदल्या हिवाळ्यात एका पहाटे फार थंडी होती, म्हणून ऊब यावी इतकंच म्हणून ती चार पावलं धावली. चाराची चाळीस झाली. पूल ओलांडला आणि तिला एक नवल वाटलं: इथं कोणी हाक मारत नाही. घरात दिवसभर पंचफुला पाणी, पंचफुला सरपण, पंचफुला पोरगी रडून राह्यली. पुलाच्या पुढं नुसता आपला श्वास आणि टमरेलातलं पाणी, डुचुक डुचुक. दुसऱ्या दिवशी ती आणखी पुढं गेली. वर्षभरात फाट्यापर्यंत जाऊन येऊ लागली.

"तुले इतका येळ कायले लागते वं?" सासूनं, चंपाबाईंनी, एक दिवस विचारलं.

"पोट बरोबर नाई, आत्याबाई."

तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं. चंपाबाईंनी ओवा दिला. मग ताकात हिंग दिला. इंद्रभान फार मायाळू माणूस, त्यानं कारंज्याच्या वैद्याकडून एक काळी पूड आणली. रोज रात्री तो ती स्वतःच्या हातानं द्यायचा आणि गिळेपर्यंत समोर बसायचा.

"उतार हाय न?"

"हाय."

पळण्यानं भूक मात्र अशी लागायची, की ती चार भाकरी खायची. चंपाबाई तिच्या ताटाकडे बघत राहायच्या. "बिघडलेल्या पोटाचं असं राह्यते काय? मंग माहंबी बिघडू दे बाप्पा."

दिवाळी झाली आणि इंद्रभाननं शाळा सुटल्यावर घरामागे खड्डा खणायला घेतला.

"काय करून राह्यले?" पंचफुलानं विचारलं.

"संडास." पोरीचं लग्न ठरल्यावर बाप बोलतो तसा त्याचा आवाज झाला होता. "हेडमास्तरच्या घरी हाय, तसा. वस्तीतला पयला. तुह्या पोटाचं मले पाहावत नाई. येवढ्या थंडीत, अंधारात, पुलापरयंत जा लागते तुले. मले त झोपच लागत नाई."

पंचफुला उभी राहिली. नवरा दारू पिऊन मारता तर चार बायांना सांगता आलं असतं. हा तर तिच्यासाठी मुरूम फोडत होता, हाताला फोड आले होते. तिनं टोपलं उचललं. त्या खड्ड्यातला सगळा मुरूम तिनंच डोक्यावरून वाहिला.

ते पंचाहत्तर साल होतं. जगभर महिला वर्ष चाललं होतं म्हणे, आमच्याकडे ते डिसेंबरात पोचलं. वर्ष संपत आल्यावर पंचायत समितीला एकाएकी महिलांची आठवण झाली आणि बायांची लांब पल्ल्याची शर्यत ठरली. इंझोरीच्या शाळेपासून फाट्यापर्यंत एक कोस जायचं, एक कोस यायचं. पहिली येईल तिला अकोल्याला, जिल्ह्याच्या शर्यतीला न्यायचं. ग्रामसेविका लिलाताई गावोगाव बाया शोधत हिंडत होत्या, आणि बाया त्यांना बघून दारं लावत होत्या.

शेवटी मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर उदयसिंग त्यांना म्हणाला, "ताई, एक बाई हाय. माही गाडी आली की साऱ्या उठतेत, अन हे बसते. बसायच्या आधी काय पयते म्हणता! मी वर्षभरापासून पाहून राह्यलो."

लिलाताई आल्या तेव्हा इंद्रभान खड्ड्यात कमरेपर्यंत उभा होता आणि पंचफुला काठावर टोपलं घेऊन.

"जयभीम, ताई," तो खालूनच म्हणाला.

"जयभीम. पंचफुलाबाई, तुम्ही रोज पहाटे पळता ना?"

इंद्रभान हसला. "हे? हिचं पोट बिघडेल हाय, ताई. हे काय पयते!"

लिलाताईंनी ड्रायव्हरचं सगळं सांगितलं. शहाणी बाई, पण घाई फार. सांगून झाल्यावर त्यांना कळलं की सांगायला नको होतं.

इंद्रभाननं कुदळ टेकवली. "मंग पोट?"

"पोट चांगलं हाय," पंचफुला म्हणाली.

"मंग ते पूड?"

"खाल्ली."

"सारी?"

"तुमी आनली होती न."

त्यानं कुदळीला चिकटलेला मुरूम पायानं खरवडला. "कोणाच्या मांगं पयते तू?"

"कोणाच्याच नाई."

"मंग कायले?"

पंचफुलानं टोपलं या हातातून त्या हातात घेतलं. "पुलाच्या पुढं मले कोणी हाका मारत नाई."

ओसरीत चंपाबाई गहू निवडत होत्या. त्यांचा सुपावरचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

इंद्रभान वाईट माणूस नव्हता, हे पुन्हा सांगते. दर जयंतीला स्टेजवर उभा राहून तो बाया शिकल्या पाहिजेत, पुढं आल्या पाहिजेत असं भाषण करायचा आणि ते मनापासून असायचं. फक्त पुढं म्हणजे कुठपर्यंत, ते त्यानं मोजलेलं नव्हतं. लिलाताई गेल्यावर तो खड्ड्यातून वर आला आणि म्हणाला, "जाय शर्यतीले. पयली आली त अकोल्याले जाजो. मीच स्टेजवरून सांगीन, माही बायको पयते म्हणून. मंग उजागरीनं पय, रोज पय. पन नाई आली, त लोकं हासतीन. मंग हे बंद. संडास हायच घरी."

"बरं," पंचफुला म्हणाली.

भिंती तशाच वर येत राहिल्या.

शर्यतीच्या सकाळी धुकं असं दाट, की शाळेच्या झेंड्याचा खांब अर्धाच दिसत होता. बारा-तेरा बाया जमल्या. काहींना सरपंचानं धाडलं होतं, काहींना साडी मिळेल असं कोणी सांगितलं होतं. तांड्यावरची कमलीबाई घागरा खोचून आली होती, हातभर बांगड्या वाजवत.

"तुह्या हातात काय हाय वं?" तिनं पंचफुलाला विचारलं.

सगळ्यांचं लक्ष गेलं. सवयीनं तिनं टमरेल आणलं होतं, पाणी भरून. असा हशा पिकला! लिलाताईंनी हळूच ते तिच्या हातातून काढून घेतलं. पंचफुलाची मूठ मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली, नसलेल्या टमरेलाभोवती वळलेली.

पुलापर्यंत घोळका होता. पुलाच्या पुढं बऱ्याच जणी गाडीशिवाय पहिल्यांदाच येत होत्या, त्या थांबल्या, कमरेवर हात ठेवून गप्पा मारू लागल्या. उरल्या पंचफुला आणि कमलीबाई. फाट्यावर तलाठी गुलालाचं ताट घेऊन बसला होता, येईल तिच्या तळहाताला गुलाल लावून परत पाठवत होता, म्हणजे अर्ध्यातून कोणी वळायला नको. गुलाल आधी पंचफुलाच्या हाताला लागला.

परतीला बांगड्यांचा आवाज मागे मागे पडत गेला. पूल आला. धुक्यातून गावातली डफडी ऐकू येऊ लागली. आता आवाजाच्या दिशेनं तेवढं जायचं.

इकडे उदयसिंगनं मुक्कामी गाडी थांबवून ठेवली होती. आणीबाणीच्या त्या दिवसांत गाड्या वेळेवर सोडायचा मोठा धाक होता, पण आपल्या बाईची शर्यत बघायची म्हणून त्यानं इंजिन तापत नाही असं सांगितलं होतं. दिवस उजाडला तरी गाडी जागची हलेना, प्रवासी ओरडू लागले, तेव्हा नाइलाजानं निघाला. धुकं म्हणून दिवे लावून निघाला.

पंचफुलासमोर दोन पिवळे दिवे आले आणि ती बसली.

बसायचं तिनं ठरवलं नव्हतं, गुडघ्यांनीच ठरवलं. रस्त्याच्या कडेला, मान खाली, मूठ टमरेलाभोवती. वर्षभर रोज केलेली गोष्ट.

करकचून ब्रेक लागला. उदयसिंग अर्धा बाहेर आला. "उठ वं माय! आज नको बसू! पय, पय!"

खिडक्यांतून डोकी बाहेर आली, आणि मग अशी हसली, की त्या हशानंच पंचफुला भानावर आली. तोवर बांगड्या छनछन करत तिच्या शेजारून निघून गेल्या होत्या. ती उठली, पळाली, जीव तोडून पळाली. शाळा मात्र तिथून फार जवळ होती.

ती दुसरी आली.

"बसली काहून वं बहिणी?" कमलीबाई धापा टाकत म्हणाली. तिलाही जिंकल्याचं फारसं सुख झालेलं दिसत नव्हतं. "मी त मांगंच होती तुह्या."

"सवय," पंचफुला म्हणाली.

इंद्रभान गर्दीत होता. तो पुढं आला, त्यानं लिलाताईंकडून टमरेल मागून घेतलं आणि बायकोच्या पुढं चालू लागला. मागून पोट्टे ओरडत होते, "शिपायाची बायको येष्टी पाहून बसली!" ते टमरेल त्यानं घरापर्यंत शर्टाखाली धरलं होतं.

कमलीबाईही अकोल्याला गेली नाही. तांडा ऊसतोडीला निघाला, तिच्या डोक्यावर बिऱ्हाड होतं. लिलाताई पुन्हा आल्या, म्हणाल्या, आता दुसऱ्या नंबरला पाठवता येईल. पंचफुलानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नव्या भिंतीकडे पाहिलं.

"पयल्या नंबरची बोली झाली होती, ताई," तो म्हणाला.

महिला वर्ष संपलं.

संडासाला पत्र्याचं दार लागलं त्या दिवशी इंद्रभाननं वस्तीत गूळ वाटला. लोक येऊन बघून गेले, एकानं तर चप्पल काढून पाय आत ठेवला. दुसऱ्या पहाटेपासून पंचफुला तिथं जाऊ लागली. दार लावलं की गुडघे एका भिंतीला टेकायचे, पाठ दुसऱ्या. लांबून ऐकू यायचं, "लाइट आला वं!" पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. गाडी वळणावर आली की त्यातून उजेडाचा एक ठिपका आत शिरायचा, तिच्या खांद्यावरून सरकत भिंतीवर जायचा आणि विझायचा. मग ती बाहेर यायची.

"बरं वाटते न आता?" इंद्रभान विचारायचा. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

"वाटते."

ती आता दीड भाकरी खायची. चंपाबाई ताटाकडे बघायच्या.

स्वतः चंपाबाई त्या संडासात एकदाही गेल्या नाहीत. "भाकरीच्या वासात मले नाई होत," एवढंच त्यांचं म्हणणं. संक्रांत झाली, आणि एका पहाटे त्यांनी सुनेच्या दाराशी काठी आपटली.

"पंचफुला, टमरेल घे. माह्यासंग चाल."

"माय, घरी हाय न," इंद्रभान अंथरुणातून म्हणाला.

"तुह्या त्या देवळीत तूच बस बावा. माहे गुडघे गेले. अंधारात पडली त कोण उचलन मले? सोबत पाहिजे का नाई?"

तो पुन्हा पांघरुणात शिरला. आई होती.

दोघी निघाल्या. चंपाबाईंची चाल म्हणजे दोन पावलं आणि एक थांबा. पंचफुला त्यांचा दंड धरून, त्यांच्याच पायानं चालत होती. बाया बसतात तिथं पोचायलाच तांबडं फुटायची वेळ आली. चंपाबाई कण्हत खाली बसल्या.

"मले येळ लागते," त्या म्हणाल्या.

"बसा तुमी. मी हाय अथीच."

"अथी राहून माह्या तोंडाकडं काय पाहतं? जाय तिकडं." त्यांनी काठीनं पुलाकडे दाखवलं. "त्याच्या पुढं माही हाक येत नाई."

पंचफुला जागची हलली नाही.

"जाय न वं. अन लाइट आला त बसू नको."

जरा वेळानं वळणावर दिवे आले. "उठा, उठा!" झालं, बाया उठल्या, तोंडं तुरीकडे फिरली. गाडी त्यांच्याजवळून पुढं गेली आणि तिचा उजेड लांब पुलावर, पुलाच्याही पुढं पडला. तिथं एक हिरवं लुगडं पाठमोरं पळत होतं. उजव्या हातात टमरेल चमकत होतं. गाडी तिच्यापर्यंत पोचली, जरा कडेला सरली, पुढं गेली. लुगडं खाली गेलं नाही.

"आजी," शेजारची एक पोरगी हळूच म्हणाली, "तुमी उठल्याच नाई वं. सारी गाडी पाहून गेली."

चंपाबाई तशाच बसून होत्या, रस्त्याकडे तोंड करून, नजर पुलापलीकडे. काठी हातात, डोक्यावरचा पदर घसरलेला.