अकरा ताटांची यादी

पावाच्या शेवटच्या तुकड्याने तिने बशी पुसून घेतली, तो तुकडा तोंडात टाकला आणि मगच पिशवीतून वही काढली. खानावळवाल्याने न विचारता चहा आणून ठेवला. ही बाई दर गुरुवारी सव्वाचारला येते, कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसते आणि दोन अंड्यांचं ऑम्लेट लोणी लावलेल्या पावाबरोबर खाते, एवढं त्याला पाठ झालं होतं. बाकी चौकशी त्याने कधी केली नाही. म्हणूनच तर ती तिथे येत असे.

चहाचा घोट घेऊन तिने पेन्सिल उचलली. आठवडा त्यांच्या घरात शुक्रवारी सुरू होई, कारण यादी गुरुवारी लिहिली जाई. शुक्रवार, भोपळ्याचा रस्सा आणि भात. शनिवार, उरलेला भात कोबीबरोबर परतून, वर सहा अंडी फेटून. रविवार, मसूर आणि पाव. सोमवारी उकडलेले बटाटे, आठ. त्याच पाण्यात मंगळवारचं सूप. खाणारी तोंडं अकरा: सासू-सासरे, ती आणि नवरा, तिची दोन मुलं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची तीन. त्यातलं सर्वांत लहान अकरा महिन्यांचं, ते अजून आईच्या अंगावर पीत होतं. पण मऊ भात खाऊ लागल्यापासून तिने त्यालाही मोजायला सुरुवात केली होती. मोजण्यात ती कधी चुकत नसे.

यादीचं घरात कौतुक होतं. एक पदार्थ दहा दिवसांच्या आत परत आला, असं तीन वर्षांत घडलं नव्हतं. काही वाया जात नसे. काल उकडलेले हरभरे आज वाटले जाऊन कटलेटात येत आणि कोणाला ओळखू येत नसत.

"आमच्याकडे पदार्थ वेश पालटून येतात," सासरे पाहुण्यांना सांगत. "मी चौकशी करत नाही. गपचूप जेवतो."

"वहिनी सरकारात हव्या होत्या," दीर म्हणत. "देश एका भोपळ्यात चालवला असता."

स्वयंपाक जाऊ करी. सगळं घर तिला धाकटी म्हणे, आणि ती आल्यापासून हिचं नाव आपोआप थोरली पडलं होतं. थोरलीने यादी लिहायची, धाकटीने रांधायचं, अशी वाटणी होती. ती कोणी ठरवली नव्हती, आणि ठरवली नव्हती म्हणूनच ती कधी बदलली नाही.

आता गुरुवारचं. थोरली पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होती. गेल्या वर्षीपासून तिथे गुरुवारी दुपारनंतर कागद कापायचं यंत्र साफसफाईसाठी बंद ठेवू लागले, आणि बायकांना सहाऐवजी चारला सुट्टी मिळू लागली. पहिल्या गुरुवारी ती घरी सांगायला विसरली. दुसऱ्या गुरुवारी तसा विषय निघाला नाही. तिसऱ्या गुरुवारी सांगावं, तर आधीचे दोन कुठे गेले ते सांगावं लागलं असतं. असं करता करता वर्ष झालं. दोन तास कोणी हाक मारत नाही, आणि समोर येणारी बशी फक्त आपली असते, या सुखाची तिला चटक लागली होती. चटक म्हणजे चटकच. तिला दुसरा शब्द सापडत नसे, आणि घराच्या जिन्यात पाऊल टाकलं की तोच शब्द तिला टोचायला लागे.

सगळ्यांत वाईट म्हणजे गुरुवारचं रात्रीचं जेवण. पोट भरलेलं असे, त्यामुळे ती दोन घास चिवडून हात धुवायला उठे.

"बघ," सासू धाकटीला सांगत. "दिवसभर राबून येते, आणि खाते किती? चिमणीएवढं."

धाकटी तेव्हा भात वाढायचा डाव पुन्हा भांड्यात ठेवी. थोरलीने ते कितीदा तरी पाहिलं होतं. पाहून ती नळाशी जाऊन उगाच जास्त वेळ हात धूत राही.

भोपळ्याच्या यादीनंतरच्या गुरुवारी खानावळीचं शटर खाली होतं. 'घरी लग्न आहे, शनिवारी भेटू' असं पुठ्ठ्यावर लिहून लटकवलेलं. थोरली जरा वेळ शटरसमोर उभी राहिली, जणू ते लाजेखातर उघडेल. मग बसथांब्याच्या बाकावर येऊन बसली. गुरुवार म्हणून दुपारी डबाही तिने अर्धाच खाल्लेला, त्यामुळे पोटात कावळे ओरडत होते. पण यादी तर लिहायलाच हवी होती. तिने वही मांडीवर उघडली.

ही वही तिनेच बांधलेली होती. यादी ती दोनदा लिही, डाव्या पानावर स्वतःसाठी आणि उजव्या पानावर घरासाठी. उजवं पान फाडून स्वयंपाकघराच्या दाराला लागे. आपल्याच हातची शिवण अशी दर आठवड्याला सैल करायची, याचं तिला वाईट वाटे. पण वहीत कोरा कागद असताना घरात दुसरा कशाला आणायचा, असाही विचार असे.

तिने भराभरा लिहिलं. शुक्रवार, दुधीचा रस्सा, भात, सोबत उकडलेली अंडी, अकरा. शनिवार, बटाटे भाजून, अठरा. रविवार, हरभरे, पाव, दोन मोठे. सोमवारच्या भातावर तूप. बसा येत होत्या, जात होत्या. सात दिवस भरल्यावर पदार्थ परत तर आला नाही ना, हे बघायला तिने सवयीने मागचं पान उलटलं.

पदार्थ परत आला नव्हता. पण तिचं बोट आकड्यांवर थांबलं. आठ बटाटे. अठरा बटाटे. सहा अंडी. अकरा अंडी. तिने आणखी एक पान मागे उलटलं, मग आणखी एक. नऊ. आठ. सात. वर्षभर हात आखडता होता तो होताच, आणि आपण त्याला काटकसर म्हणत आलो. वर्षापूर्वी ती ही यादी बुधवारी लिहायची, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, कामावरून आल्या आल्या. तेव्हाच्या पानांवर आकडे मोठे होते. गुरुवार मोकळे झाले आणि ती यादी लिहू लागली ऑम्लेट खाऊन, चहा पीत. भरल्या पोटी बसून तिने अकरा जणांची भूक ठरवली होती.

खानावळीत जाणं हे पाप आपल्यापुरतं आहे, अशी तिने मनाची समजूत घातली होती. ते तेवढ्यावर थांबलं नव्हतं.

पुढची बस आली तशी ती चढली. घरी पोचली तेव्हा पाच वाजायला आले होते. सासू-सासरे नातवंडांना घेऊन मैदानावर गेले असणार. बाहेरच्या खोलीत धाकटं बाळ तेवढं चटईवर झोपलं होतं. थोरलीने चपला काढल्या आणि पाय न वाजवता आत गेली.

धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती. रात्रीच्या भाजीचे बटाटे उकडून, सोलून ताटात रचून ठेवलेले. बाजूला सालांचा ढीग. त्यातली चिमूटभर सालं ती मिठाच्या वाटीत बुडवत होती आणि घाईघाईने खात होती. उभ्यानेच, एका हाताने. दुसऱ्या हाताने ओटा पुसणंही चालू होतं.

"अगं," थोरली म्हणाली.

धाकटी दचकली. हातातली सालं तिने पदराआड नेली. तोंडातला घास गिळायला तिला वेळ लागला.

"ताई! इतक्या लवकर? बरं नाही का?"

"बरी आहे मी. काय खातेस?"

"काही नाही." धाकटीचा चेहरा पडला. "सालं होती. टाकायचीच होती, म्हणून म्हटलं... हे यादीतलं नाही हो, ताई. बटाटे मोजून बघा, आठ आहेत."

थोरली बटाट्यांकडे बघूही शकली नाही. धाकटीच्या बोटातल्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला तिला दिसला, निसटू नये म्हणून. पिवळा दोरा, मळून तपकिरी झालेला. म्हणजे गुंडाळूनही बरेच दिवस झाले असणार. रोज याच हाताने ही आपल्याला वाढत होती.

"रोज खातेस?"

"रोज सालं कुठली? एखादे दिवशी." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "बाळ पितं ना, म्हणून दुपारी जरा खा-खा होते. रात्री सगळ्यांदेखत परत मागायचं म्हणजे... तुम्ही एवढं काम करून इतकंसं खाता. मी तर घरीच असते."

थोरलीने वही उघडली, उजवं पान फाडलं आणि पुढे केलं. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. धाकटीने हात पुसून ते घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन वाचलं. ओठ हलत होते.

"बटाटे अठरा?" तिने वर बघितलं. "ताई, कोण पाहुणे येणार आहेत?"

"कोणी नाही."

"मग?"

"आपल्यालाच. इतके लागतात. आधीच लिहायला हवे होते, मी कमी लिहीत आले."

"छे, पुरतं की. मी करते ना बरोबर." धाकटीच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता. "आता तर सहातसुद्धा करता येईल मला."

तेव्हा थोरलीला राहवेना. ती स्टुलावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. गुरुवारी चारलाच सुट्टी होते. वर्ष झालं. थांब्याजवळ खानावळ आहे. तिथे खाते आणि तिथेच यादी लिहिते, पोट भरल्यावर. रात्री भूक नसते ती म्हणून; कष्टाने बिष्टाने काही नाही. बोलताना तिने धाकटीकडे बघितलं नाही, फरशीकडे बघितलं. आता ही ओरडेल, रडेल, सासूंना सांगेल. सांगू दे. सांगितलं तर बरंच होईल, असं तिला मनापासून वाटलं.

धाकटीने यादीचं पान ओट्यावर ठेवलं. मग ती जवळ आली आणि दुसरं स्टूल ओढून समोर बसली.

"काय खाता तिथे?" तिने विचारलं.

"ऑम्लेट. दोन अंड्यांचं."

"दोन्ही एकालाच?"

"हो."

"कांदा घालतात?"

"कांदा, मिरची. कोथिंबीर असली तर."

"पाव भाजलेला असतो?"

"लोणी लावून भाजतात."

धाकटीने मान हलवली. तिच्या बोलण्यात राग शोधून सापडत नव्हता. ती नुसतं ऐकत होती, आणि तिचा घसा हलत होता.

"आणि तुम्ही बसून असता? ते आणून देतात?"

"आणून देतात."

"गरम?"

"गरम," थोरली म्हणाली. तिने डोळे पुसले. "पुढच्या गुरुवारी तू चल. माझ्याबरोबर नको, तू एकटीच जा. मी पत्ता सांगते. मी आले की निघ, बाळ मी बघते. सातपर्यंत येऊ नकोस."

"मी?" धाकटीला हसू आलं. मग हसू गेलं आणि तिने खरोखरच विचार केला. "पण मग रात्रीचं कोण करणार?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच ते माहीत करून घ्यायचं होतं. थोरलीने यादी परत हातात घेतली. सात ओळी, सात वार, काय शिजवायचं आणि किती, सगळं लिहिलेलं. कोणी शिजवायचं, ते तीन वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं.

बाहेर बाळ उठलं. धाकटी सवयीने उठू लागली, तसा थोरलीने तिचा हात धरला, पेन्सिल काढली आणि गुरुवारच्या ओळीपुढे 'थोरली' असं लिहिलं. मग तिने बुधवार बघितला, मंगळवार बघितला. पेन्सिल हातात तशीच राहिली, आणि बाळ रडत होतं.