एकाच नावाच्या दोन डिस्क

सिंदेवाहीच्या साधनाबाईंचा कॉम्प्युटर वीज पडून जळाला. हार्डडिस्क तेवढी वाचली. तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवर बायांची गाणी त्यांनी तिच्यात भरून ठेवली होती. ती डिस्क पिशवीत घालून त्या नागभीडला, निशात नावाच्या मुलीच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात आल्या.

निशातनं डिस्क आपल्या मशीनला जोडली. मशीनला ती दिसली, पण उघडेना. तिच्या मशीनमधल्या आणि साधनाबाईंच्या, दोन्ही डिस्कवर लिनक्स ही प्रणाली होती, एकाच सीडीवरून टाकलेली. डिस्कवरची सगळी जागा ज्या एका नावाखाली बांधलेली असते, त्या साठवणीच्या गटाला त्या सीडीनं दोन्हीकडं एकच नाव देऊन ठेवलं होतं.

"मग नाव बदलून टाक ना," साधनाबाई म्हणाल्या.

"बदलवीन, पण कोनाचं? नावानं हाक मारली तर दोघंही ओ देतात, बाई. चुकून माह्याच डिस्कचं बदललं तर माही मशीन चालूच होनार नाई."

असं कोडं निशातला कधी पडलं नव्हतं. चहा निवत राहिला आणि ती काळ्या पडद्यावर कमांडची माहिती वाचत बसली. नावाऐवजी गटाचा लांबलचक ओळख-क्रमांक दिला तरी चालतं, असं तिथं लिहिलं होतं. पण कोणता क्रमांक कोणाचा?

तिनं मशीन बंद केलं, साधनाबाईंची डिस्क काढली आणि पुन्हा सुरू केलं. आता एकच क्रमांक दिसला.

"हा माहा," ती स्वतःशीच म्हणाली. डिस्क परत जोडल्यावर दुसराही आला. "म्हंजे हा तुमचा. नाव काय ठेवू?"

"तलाव ठेव."

निशातनं नाव बदलायची कमांड दिली, त्यापुढं तो दुसरा क्रमांक एकेक अक्षर ताडून टाकला आणि शेवटी 'तलाव' इंग्रजी अक्षरांत लिहिलं. तिनं बटण दाबलं. नाव बदलल्याची एक ओळ उमटली. मग गट सुरू झाला आणि आतले फोल्डर दिसू लागले.

पहिल्याच फाइलीत त्या ढिवर बायांतल्या गिरजाबाई खोकल्या, हसल्या आणि गाऊ लागल्या. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. साधनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या घड्याळाच्या दुकानातून निशातचे अब्बा, वहाबभाई, उठून आले आणि दारातच उभे राहिले.

गाण्यात माशांची नावं होती. निशातनं एका जागी थांबवून पुन्हा लावलं.

"हे कोनती मासोळी म्हनून राह्यल्या?"

"मलेही नाई माहीत," साधनाबाई म्हणाल्या. "त्यायच्या सुनेले, प्रेमिलाले माहीत असंल. येतं का तळ्यावर?"

निशातनं अब्बांकडं पाहिलं. "जाय, दुकान मी पाहतो," म्हणत त्यांनी दुकानाची किल्ली घ्यायला हात पुढं केला.