जवळचं दुसऱ्या नंबरला

"भाऊ, या दोन्हीमा फरक काय शे?"

लोटन आबांनी विचारलं आणि योगराजने चष्मा कपाळावर सरकवला. जळगावच्या बसस्टँडसमोर प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरून देताना हा प्रश्न त्याने पंधरा वर्षं इतक्या तोंडून ऐकला होता, की उत्तर देतानाही त्याची बोटं टायपिंग करत राहायची. कॉम्प्युटर सायन्समध्ये यंत्राला शिकवायचं, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगमध्ये ते उघडूनही बघायचं. वर्षं दोन्हीकडे चारच, आणि पुढे नोकरीला दोघंही एकाच रांगेत. आबांनी मान डोलावली. सगळेच बाप डोलावतात. योगराजचा हिशेब असा, की शंभरातल्या नव्वद बापांना या फरकाशी देणंघेणं नसतं. पोर परत येईल का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. ते विचारवत नाही, म्हणून सायन्स-इंजिनीअरिंग विचारतात. उरलेल्या दहांना शेजाऱ्याच्या पोरापेक्षा वरचं काहीतरी हवं असतं.

फॉर्म झाला की तो दोन प्रती काढायचा, एक पोराला, एक बापाला. "जपून ठेवा, पुढे लागते," म्हणायचा. पुढे ती कधीच लागत नाही. पण बाप रिकाम्या हाताने पायऱ्या उतरताना त्याला बघवत नसे.

आबा चाळीसगावकडचे. त्यांची रूपा शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिच्यापुढे जळगावातलं सायन्स आणि पुण्यातलं इंजिनीअरिंग. योगराजने नियम सांगितला: पहिल्या नंबरला लिहिलेलं मिळालं की तेच पक्कं, पुढच्या फेऱ्या बंद. तेव्हा क्रम विचार करून सांगा.

आबांनी विचारात वेळ घालवला नाही.

"लांबनं पहिले लिखा. जवळनं ते शेच."

मग त्यांनी सहज विचारलं, की तुमची पोरगीही यंदाच ना, ती कुठे? जळगावलाच बहुतेक, असं योगराज म्हणाला आणि प्रिंटरकडे वळला. आबांनी आपली प्रत घडी घालून टोपीत ठेवली आणि बापलेक गेले.

मोहिनीचा फॉर्म सकाळपासून स्क्रीनवर बाजूला उघडा होता. तिचीही तीच दोन कॉलेजं. क्रम तिने त्याच्यावर सोडला होता. पप्पांना यातलं कळतं. पप्पांनी सकाळीच जळगाव पहिलं टाकलं होतं. तिच्या मार्कांना ते पहिल्याच फेरीत मिळालं असतं आणि पुण्याचा विषयच निघाला नसता. कुणाला काही वावगं वाटलं नसतं, तिलासुद्धा नाही. बायको, कुंदा, गेल्यापासून मेहरूणच्या घरात दोघंच होती. तीन वर्षांत त्याने खिशात किल्ली बाळगली नव्हती. संध्याकाळी दार आतून उघडायचं.

मुदत सहापर्यंत. पाचला त्याने ओटीपीसाठी घरी फोन लावला. तिने आकडे सांगितले.

"पप्पा, पहिलं कुठलं टाकलं?"

"तुला कुठलं हवं?"

"तुम्ही सांगा ना. खरा फरक काय आहे दोन्हीत?"

या वेळी त्याची बोटं कीबोर्डवर थांबली.

"एका ठिकाणाहून संध्याकाळी घरी येता येतं," तो म्हणाला.

त्याने स्क्रीनवर तिचा फॉर्म पुढे आणला.

"म्हणून ते दुसरं ठेवतोय."

"पप्पा, मग तुमचं..."

"भाजी काय आणू?"

"आणा कुठलीही," ती म्हणाली.

त्याने क्रम बदलला, एकदा वाचला, बटण दाबलं. प्रिंटरमधून दोन प्रती निघाल्या. दोन काढायची सवयच होती. एक मोहिनीच्या फाइलमध्ये घातली. दुसरी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला, मग चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

घरी पोहोचून त्याने गिलक्यांची पिशवी डाव्या हातात घेतली आणि कडी वाजवली. आतून तिची पावलं येऊ लागली. इतक्या वर्षांत ती त्याने कधी मोजली नव्हती. अकरा भरली.