लेफ्तेरिसचे चार दिवस

१९९६ साली आम्ही नागोयाला राहत होतो. माझा नवरा विनय गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत तीन वर्षांसाठी आला होता आणि त्याच्याबरोबर मी. पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते, पण माझी पदवी इथे चालत नव्हती. सकाळी विनय गेला की रिकामा दिवस अंगावर यायचा.

एप्रिलमध्ये एकदा घरमालकीण हिरोसे-सान वर आल्या. खालच्या खोलीत एक परदेशी भाडेकरू आला होता आणि तो प्लॅस्टिक जळाऊ कचऱ्यात टाकत होता.

"तुम्हाला इंग्रजी येतं ना? जरा सांगा त्याला."

तो माणूस दारात आला तेव्हा दार भरून गेलं. लेफ्तेरिस त्याचं नाव, ग्रीसमधल्या वोलोस नावाच्या बंदराचा. ट्रॅकवर सायकल पळवणारा स्प्रिंटर. पाच वेळा देशात पहिला आणि एकदा युरोपात चौथा आलेला. जपानात केइरिन नावाच्या शर्यती असतात. नऊ जण एका वेग धरून देणाऱ्या सायकलस्वाराच्या मागे फिरत राहतात आणि शेवटची दीड फेरी उरली की घंटा वाजते. मग जीव तोडून पळायचं. या शर्यतींना दरवर्षी मोजक्याच परदेशी खेळाडूंना बोलावणं येई. लेफ्तेरिसने त्याची नऊ वर्षं वाट पाहिली होती. आलं ते एकतिसाव्या वर्षी, आणि नेमकं त्याची बायको आंथी गरोदर असताना.

जिना उतरताना तो डावा गुडघा वाचवत होता. माझ्या ते लगेच लक्षात आलं. मी न विचारताच त्याला तीन व्यायाम दाखवले. दोन आठवड्यांनी तो वर आला आणि आमच्या दारातच उकिडवा बसून दाखवू लागला. "दुखत नाही!" असं म्हणून हसला. इथे आल्यापासून पहिल्यांदाच माझा कोणाला तरी उपयोग झाला होता. त्या दिवशी मी एकटीच गुणगुणत स्वयंपाक केला.

मग तो चहाला येऊ लागला. बोलणं सगळं आपापल्या घरचंच. घड्याळाकडे बघून म्हणायचा, "आत्ता तिथे सकाळचे सहा. बाबांची बोट निघाली असेल." मी मनात साडेतीन तास वजा करायचे. पुण्यात आई दूध तापवत असेल. कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानासमोरच्या फोनवरून तो आंथीशी बोलायचा, आणि कार्ड संपलं तरी रिसीव्हर हातात धरून उभा असायचा.

जूनमध्ये आमच्याच शहरात त्याच्या तीन दिवसांच्या शर्यती लागल्या, त्याही आंथीच्या बाळंतपणाच्या तारखेच्या आठवड्यात. शर्यतीवर लोक पैसे लावत, त्यामुळे नियम कडक होता. आदल्या दिवशी खेळाडू स्टेडियममधल्या वसतिगृहात गेले की चार दिवस बाहेरच्या जगाशी संबंध नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, प्रेक्षकांकडे बघून हात करणंही नाही.

जायच्या दिवशी तो म्हणाला, "आंथीच्या भावाला तुझा नंबर दिलाय. बातमी आली तर शेवटच्या वळणापाशी ये. सगळं ठीक असेल तर लाल ओढणी घे. बाकी काही नको."

"बघते," मी म्हटलं. म्हटलं इंग्रजीत, पण मनात मराठीच होतं.

आपल्याकडे 'बघते' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. त्याने ते 'हो' धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. मी ओढणी काढली. विनयला ऑफिसात फोन केला आणि सगळं सांगितलं.

"सुनेत्रा, उद्या कोणाच्या लक्षात आलं की तू खेळाडूला खूण करतेस, तर? त्याला कायमचं काढतील. नऊ वर्षं थांबलाय ना तो?"

मी ओढणी घडी करून ठेवली. पण घरी बसवेना. राखाडी शर्ट घालून गेले आणि कुंपणापाशी, पेपर चाळणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये उभी राहिले. घंटा वाजली. लेफ्तेरिस तिसऱ्या जागेवर होता. वळणावर त्याने मान वर केली. क्षणभरच. मी त्याला दिसले. तेवढ्यात पुढचे दोघे निसटले. तो सातवा आला.

पुढचे दोन दिवस मी गेले नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. मला पाहून तो जागीच थांबला. पुढे यायला तयार होईना.

"मुलगी झाली," मी ओरडलेच. "लेफ्तेरिस, मुलगी! दोघी छान आहेत!"

सायकलची बॅग त्याच्या खांद्यावरून घसरली. तो तिथेच फुटपाथवर बसला.

"कधी?"

"शर्यतीच्या पहिल्याच दिवशी, सकाळी."

"मग तू लाल..." त्याने बॅग जवळ ओढली. "मी तीन दिवस समजत होतो की ती गेली. कोण, ते कळत नव्हतं. आंथी की बाळ. घंटा वाजली की तेवढंच डोक्यात यायचं."

मी नियमाचं सांगितलं, विनयचं सांगितलं. तो मान हलवत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आठ दिवस तो वर आला नाही. नंतर आला तो बाळाचा फोटो घेऊन. नाव एलेनी. गुडघ्याबद्दल काहीतरी विचारलं, चहा घेतला. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका शहरात त्याने एक शर्यत जिंकली. जपानातली एकुलती एक. सप्टेंबरमध्ये तो गेला. निघताना हिरोसे-सानना वाकून नमस्कार केला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

दीड वर्षाने पत्र आलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं होतं, तो गेला नव्हता. आता गावातल्या मुलांना शिकवतो. एलेनी धावते. 'इथे सगळं आहे,' त्याने लिहिलं होतं, 'आणि तरी वसंत आला की मला जपान आठवतं. तिथे असताना मला घर हवं होतं. माणसाला एका वेळी एकाच ठिकाणी राहता येतं, हे कोणी तरी आधी सांगायला हवं होतं.'

पत्र मी पुण्यात वाचलं, दवाखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. मी पुन्हा कामाला लागले होते. बाहेर दोन पेशंट बसले होते. त्यांना जरा थांबायला सांगितलं आणि लिहायला घेतलं. जे फाटकापाशी म्हणायला हवं होतं, ते पहिल्या ओळीत लिहिलं: लेफ्तेरिस, माझं चुकलं.